टाइप टाइप म्हणता, पण नक्की कशाबद्दल बोलताय?

२०२३ साली वेब प्रोग्रामरांच्या जगात दोनदा मोठी खडाजंगी झाली. आधी वेबपानं बनवायचं साधन असलेल्या स्वेल्ट या प्रकल्पाने आपला आतला कोड टाइपस्क्रिप्टमधून काढून साध्या जावास्क्रिप्टमध्ये आणला. मग सप्टेंबरमध्ये टर्बो या दुसऱ्या प्रकल्पातून टाइपस्क्रिप्ट हद्दपार केल्याचं, रुबी ऑन रेल्स या वेब-साधनाचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी जाहीर केलं. दोन्ही वेळा चर्चेचा सूर तोच होता: बघा, मोठमोठे लोक टाइप (म्हणजे कोणती माहिती आकडा, कोणती मजकूर, हे ठरवून ठेवणं) सोडायला लागले. एका बाजूला टाळ्या, दुसऱ्या बाजूला शिव्याशाप.

गंमत अशी की या दोन घटनांत फारसं साम्य नव्हतं. टाइपस्क्रिप्ट म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टवर टाइपचा थर चढवणारी भाषा. स्वेल्टने टाइपची माहिती कोडमधून उचलून शेजारच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे कोड चालवताना यंत्र वगळतं अशा टिपांमध्ये, ठेवली. तपासणी पूर्वीसारखीच चालू राहिली आणि तपासणारं यंत्रही टाइपस्क्रिप्टचंच राहिलं. टर्बोने मात्र आपल्या कोडची तपासणीच सोडली. मोजे बदलणं आणि अनवाणी चालणं यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक होता, तरी भांडणात दोन्ही एकाच पोत्यात गेले.

असं होतं, कारण ‘टाइप’ या एका शब्दाखाली चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत. टाइप लिहावा लागतो का? तो तपासतात कधी? दोन टाइप जुळले नाहीत तर भाषा आपल्या मनाने बदल करते का? आणि चूक तपासणीतून निसटली तर पुढे काय होतं? एक जण पहिल्या प्रश्नावर चिडलेला असतो, दुसरा त्याला चौथ्याचं उत्तर देत असतो. ‘पायथन स्ट्राँगली टाइप्ड आहे का?’ हा मुलाखतीतला आवडता प्रश्न याच गोंधळातून आला आहे. मुलाखतीच्या तयारीच्या नोट्समध्ये त्याची दोन्ही उत्तरं सापडतात.

## मुळात टाइप म्हणजे काय?

संगणकाच्या मेमरीत अक्षर नसतं, तारीख नसते, पगार नसतो. असतात फक्त ० आणि १. ०१०००००१ हे आठ बिट आकडा म्हणून वाचले तर ६५ होतात आणि अक्षर म्हणून वाचले तर रोमन लिपीतलं मोठं ‘ए’. हे बिट कसे वाचायचे आणि त्यांच्यावर कोणत्या क्रिया चालतील, याबद्दलची समजूत म्हणजे टाइप. आकड्यांचा गुणाकार होतो, नावांचा होत नाही. तारखेत दिवस मिळवता येतात, पण दोन तारखांची बेरीज निरर्थक असते.

कोड न लिहिणाऱ्यांनाही टाइपचा झटका बसतो, तो बहुधा एक्सेलमध्ये. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक टाका आणि पुढची शून्यं गायब. आपल्या दृष्टीने तो ओळखीचा मजकूर असतो. एक्सेल त्याला आकडा समजतं, आणि आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. जनुकशास्त्रज्ञांना याचा मोठाच फटका बसला. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ ही जनुकांची नावं, पण एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकी. २०१६ च्या एका पाहणीत असं दिसलं की ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी साधारण पाचव्या भागात अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती त्यानंतर, २०२३ मध्ये. सॉफ्टवेअरच्या अंदाजापायी विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, हे मला अजूनही पचत नाही.

## मेट्रोचं गेट आणि लोकलमधला टीसी

आता ‘तपासतात कधी’ हा प्रश्न. मुंबईच्या मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय गेट उघडत नाही. गाडी यायच्या आधीच सगळ्यांची तपासणी झालेली असते. लोकलमध्ये कुणीही चढतो आणि टीसी समोर आला की तिकीट काढून दाखवतो. प्रोग्राम चालवण्याआधीच सगळा कोड वाचून टाइप जुळतात का ते पाहणाऱ्या भाषा ‘स्टॅटिक’: जावा, सी, गो, रस्ट, हॅस्केल. प्रोग्राम चालताना, ती ती क्रिया करायची वेळ आली की पाहणाऱ्या भाषा ‘डायनॅमिक’: पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट.

उदाहरण घेऊ. सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढणारा पायथन प्रोग्राम आहे. वेळेवर पैसे भरणाऱ्यांसाठी एक वाट, थकबाकीदारांसाठी दुसरी. दुसऱ्या वाटेवर कुणीतरी घाईत लिहून ठेवलं आहे: एकूण = मेंटेनन्स + "दंड". एक आकडा, एक मजकूर. सगळे सभासद वेळेवर भरतात तोवर प्रोग्राम सुरळीत चालेल, महिनोन्महिने. पहिला थकबाकीदार आला की तिथल्या तिथे बंद पडेल. हाच प्रोग्राम स्टॅटिक भाषेत असता तर कंपायलरने, म्हणजे कोड चालण्याजोग्या रूपात आणणाऱ्या प्रोग्रामने, ती ओळ पहिल्याच दिवशी दाखवली असती, थकबाकीदार असो वा नसो.

डायनॅमिक भाषेवर अन्याय नको म्हणून एक सांगायला हवं. लोकलचा टीसी चुकवता येतो, पायथनचा येत नाही. ओळ चालली की तपासणी होतेच. न चाललेल्या ओळीकडे मात्र तो फिरकत नाही.

दुसरं असं की स्टॅटिक भाषेतही गाडीच्या आत टीसी असतो. जावामध्ये एखादी वस्तू ‘ही अमुक टाइपचीच आहे’ असं ठामपणे सांगून वापरली, तर तो दावा प्रोग्राम चालताना तपासला जातो. आणि ‘कंपाइल्ड (आधीच रूपांतर करून घेतलेली) म्हणजे स्टॅटिक, इंटरप्रिटेड (वाचत वाचत चालवलेली) म्हणजे डायनॅमिक’ हे समीकरण तर विसराच. नेहमीचं पायथनही तुमचा कोड आधी बाइटकोड या मधल्या रूपात कंपाइल करतं. फक्त त्या वेळी टाइप पाहत नाही.

## टाइप लिहावे लागतात, म्हणजे भाषा स्टॅटिक?

नाही. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

टाइप लिहिणं आणि टाइप तपासणं या स्वतंत्र गोष्टी आहेत. न लिहिताही कडक तपासणी होऊ शकते. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याची पद्धत मांडली: कोडमध्ये वस्तू कशी वापरली आहे ते पाहून यंत्रानेच तिचा टाइप काढायचा. एखाद्या वस्तूला दोनाने गुणलं आहे, तर ती आकडाच असणार. वेगळं सांगायला कशाला हवं? एमएल, ओकॅमल, हॅस्केल या भाषा अशाच चालतात. पानभर कोडमध्ये एकही टाइप लिहिलेला नसतो, तरी एकूण एक ओळ तपासून घेतलेली असते.

उलटही होतं. पायथनमध्ये २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून टाइप लिहायची अधिकृत रीत आहे. ‘वय’ हा पूर्णांक आहे असं लिहा आणि त्यात "चाळीस" हा मजकूर भरा. पायथन मुकाट्याने चालवेल. तपासणी हवी असेल तर मायपायसारखं वेगळं साधन चालवावं लागतं. आमच्या धंद्यात ‘टाइप लिहिलेत ना, मग झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते साधन कुणी चालवतच नसेल तर तो लिहिलेला टाइप म्हणजे निव्वळ टिप्पणी.

दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो. ‘व्हार क्ष = ५’ असं जावामध्ये (२०१८ पासून) लिहिता येतं आणि जावास्क्रिप्टमध्येही. दिसायला सारखंच. पुढच्या ओळीत क्ष = "पाच" लिहा. जावाचा कंपायलर ताबडतोब अडवतो, कारण पहिल्या ओळीवरूनच त्याने क्ष पूर्णांक आहे हे ठरवून टाकलेलं असतं. जावास्क्रिप्टला काहीच वावगं वाटत नाही. तिथे टाइप व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्याच्या, नावाला बांधलेला नसतो, त्यात त्या क्षणी असलेल्या किमतीला चिकटलेला असतो. स्टॅटिकवाले ‘टाइप’ म्हणतात तेव्हा बहुधा नावाचा टाइप म्हणतात, डायनॅमिकवाले किमतीचा. ‘डायनॅमिक भाषेत टाइपच नसतात’ आणि ‘असं कसं, असतात की’ हा वाद अर्धाअधिक इथेच मिटतो.

## ‘स्ट्राँग’ या शब्दाचं काय करायचं?

माझं मत विचाराल तर वापरूच नये. स्टॅटिक आणि डायनॅमिक यांना निश्चित अर्थ आहे. ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ यांना तो कधी मिळालाच नाही.

१९७४ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलिस यांनी एक नेमकी व्याख्या दिली होती: फंक्शनला, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, दिलेल्या वस्तूचा टाइप त्या फंक्शनने जाहीर केलेल्या टाइपशी जुळलाच पाहिजे. पण पुढे ज्याला जे आवडलं ते त्याने ‘स्ट्राँग’ ठरवलं. कुणी म्हणतं, भाषेने परस्पर टाइप बदलू नये. कुणी म्हणतं, मेमरीतल्या बिटांचा भलताच अर्थ लावता येऊ नये. काही जण तर सरळ स्टॅटिकच्या अर्थाने वापरतात.

पहिला अर्थ घेतला तरी रेषा सरळ येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये "५" + १ चं उत्तर "५१" आणि "५" - १ चं उत्तर ४. बेरजेच्या चिन्हाला मजकूर जोडायचंही काम असल्याने एकीकडे आकड्याचा मजकूर होतो, वजाबाकीत मजकुराचा आकडा. पायथन दोन्हीकडे हात वर करतं: टाइप जुळत नाहीत, तुम्हीच काय ते ठरवा. म्हणून पायथन स्ट्राँग, असं म्हणायची पद्धत आहे. पण त्याच पायथनमध्ये ३ + २.५ विनातक्रार चालतं आणि ‘खरं’ + ‘खरं’ (हा मजकूर नव्हे, खरं-खोटं या टाइपची किंमत) याचं उत्तर २ येतं. जावाला तर सगळे स्ट्राँग म्हणतात, आणि तिथे "५" + १ चं उत्तर जावास्क्रिप्टसारखंच "५१". पीएचपीमध्ये २०२० च्या आठव्या आवृत्तीपर्यंत ० आणि "एबीसी" हा मजकूर साध्या तुलनेत समान ठरत. आता ठरत नाहीत. मग पीएचपी त्या दिवशी वीकची स्ट्राँग झाली का?

त्यापेक्षा सरळ म्हणावं: ‘पायथन मजकूर आणि आकडा यांची बेरीज करत नाही.’ शब्द थोडे जास्त लागतात, पण भांडण होत नाही.

## सी स्टॅटिक आहे, मग तिच्यात एवढ्या भानगडी का?

कारण तपासणी कधी होते हे एक झालं, आणि चूक निसटली तर काय होतं हे दुसरं. संगणकशास्त्रज्ञ लुका कार्डेली यांनी इथे एक उपयोगी भेद केला आहे. काही चुका घडल्या की प्रोग्राम तिथेच थांबतो किंवा ओरडतो. काही चुका घडल्यावरही प्रोग्राम काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातो आणि भलतंच काहीतरी करतो. दुसऱ्या प्रकारची चूक जी भाषा होऊच देत नाही ती ‘सेफ’. या कसोटीवर पायथन डायनॅमिक पण सेफ आहे. सी स्टॅटिक, पण अनसेफ.

२०१४ चं हार्टब्लीड प्रकरण आठवा. इंटरनेटवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, सी भाषेत लिहिलेली आहे. तिच्यात ‘जिवंत आहेस का?’ असं विचारायची सोय होती: एका बाजूने छोटा संदेश आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्याने तोच संदेश तसाच परत करायचा. हल्लेखोर एका अक्षराचा संदेश पाठवून लांबी सांगे सुमारे ६४ हजार. कोडने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवला आणि संदेश संपल्यावरही शेजारची मेमरी वाचत सुटला. त्यात पासवर्ड होते, गुप्त किल्ल्या होत्या, जे असेल ते. सीच्या टाइप तपासणीला यात काहीच खटकलं नाही, कारण टाइप सगळे जुळत होते. प्रोग्राम चालताना हद्द ओलांडली गेली, तर तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं. हीच चूक जावात किंवा पायथनमध्ये झाली असती तर प्रोग्राम कोसळला असता. ते वाईटच, पण पासवर्ड बाहेर गेले नसते.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या मेमरीच्या जातीच्या असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयानेही मेमरी-सेफ, म्हणजे मेमरीची हद्द ओलांडू न देणाऱ्या, भाषा वापरा असं आवाहन केलं. त्या बातम्यांचा अर्थ काहींनी ‘स्टॅटिक भाषा वापरा’ असा लावला, तो चुकीचा होता. मेमरी-सेफ भाषांत रस्ट येते, तशी पायथनही येते.

## तपासणीतून पास, म्हणजे प्रोग्राम बरोबर?

टाइप जुळलेला प्रोग्राम ‘गो राँग’ होऊ शकत नाही, हे मिल्नर यांचं १९७८ चं वचन फार प्रसिद्ध आहे आणि त्याचा गैरसमजही तेवढाच. त्यात ‘गो राँग’ला ठरावीक तांत्रिक अर्थ आहे: त्या टाइपला न चालणारी क्रिया त्याच्यावर होणार नाही. उत्तर बरोबर येईल अशी हमी त्यात नाही. बेरजेच्या जागी वजाबाकी लिहिली तरी टाइप जुळतातच.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुरुवातीपासून चाळीसेक सेकंदांतच नष्ट झालं. त्याचं सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं, आणि टाइपबाबत एडाइतकी काटेकोर भाषा तेव्हा क्वचितच होती. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बदलायचा होता. त्या पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढे काही मावत नाही. एरियान ४ चा वेग कमी असल्याने तिथे हे कधी जाणवलं नव्हतं, आणि कोड तिथूनच आणलेला होता. नवं रॉकेट जास्त जोरात गेलं, आकडा मावला नाही. रूपांतर स्पष्टपणे लिहिलेलं होतं, त्यामुळे टाइपची तक्रार नव्हतीच. एडाने चूक पकडली सुद्धा, पण पकडल्यावर काय करायचं याची तजवीज केलेली नव्हती आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक तोच कोड चालवत असल्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला होता.

तपासणी स्वतःचं वचन तरी पाळते का, हा आणखी वेगळा प्रश्न. पाळणाऱ्या तपासणीला ‘साउंड’ म्हणतात. जावात मजकुरांची रांग ‘कोणत्याही वस्तूंची रांग’ म्हणून पुढे देता येते. मग पुढचा माणूस तिच्यात आकडा टाकू पाहतो. कंपायलर हो म्हणतो आणि प्रोग्राम चालताना अडतो. टाइपस्क्रिप्टने तर पूर्ण साउंड होणं हे आपलं उद्दिष्ट नाही असं उघडच लिहून ठेवलं आहे. यात आळस नाही. कडक तपासणीला काही चांगले प्रोग्रामही नाकारावे लागतात, कारण प्रत्येक प्रोग्राम चालल्यावर काय करेल हे न चालवता ओळखणं गणितानेच अशक्य ठरवलं आहे. किती चांगले प्रोग्राम नाकारायचे आणि किती वाईट सोडायचे, याचा हा सौदा आहे.

## थोडं इकडचं, थोडं तिकडचं चालत नाही का?

चालतं. कोडचा काही भाग तपासलेला, काही मोकळा, अशा पद्धतीला ‘ग्रॅज्युअल टायपिंग’ म्हणतात. जेरेमी सीक आणि वलिद ताहा यांनी २००६ मध्ये हे नाव रूढ केलं. जुन्या अवाढव्य कोडला एकदम शिस्त लावता येत नाही, तिथे हाच मार्ग असतो. ड्रॉपबॉक्सने आपल्या पायथनच्या ४० लाख ओळी अशाच हळूहळू तपासणीखाली आणल्या.

धोका शिवणीवर असतो. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘रक्कम’ हा आकडा आहे असं लिहिलं, सर्व्हरकडून माहिती मागवली, तपासणी पास. पण चालायच्या वेळी टाइपस्क्रिप्टचे टाइप पुसलेले असतात. उरते फक्त जावास्क्रिप्ट. सर्व्हरने आकड्याऐवजी "५००" हा मजकूर पाठवला तर अडवणारं कुणी नाही. त्यात ५० रुपये शुल्क मिळवलं की ५५० ऐवजी "५००५०". बाहेरून येणारी माहिती आत घेताना स्वतः तपासायची, याला पर्याय नाही.

## एवढं करून चुका कमी होतात का?

होतात, पण भक्त सांगतात तेवढ्या नाहीत आणि विरोधक म्हणतात तेवढ्या थोड्याही नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक प्रकल्पांतल्या, नंतर दुरुस्त झालेल्या ४०० चुका घेतल्या आणि टाइप लिहिले असते तर त्या आधीच पकडल्या गेल्या असत्या का ते पाहिलं. १५ टक्के पकडल्या गेल्या असत्या. आकडा छोटा वाटेल, पण या चुका सार्वजनिक कोडमध्ये पोहोचलेल्या होत्या. लिहिता लिहिताच पकडल्या जाणाऱ्या चुका यात मोजलेल्याच नाहीत.

त्याआधी २०१४ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचे शेकडो प्रकल्प घेऊन कोणत्या भाषेत चुका जास्त होतात याचा एक गाजलेला अभ्यास झाला होता. त्यात भाषांचे गट पाडले होते स्टॅटिक-डायनॅमिक आणि, अर्थातच, स्ट्राँग-वीक असे. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत. एक कारण असं निघालं की टाइपस्क्रिप्टच्या म्हणून मोजलेल्या काही नोंदी ती भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी वर्षं आधीच्या होत्या. टाइपस्क्रिप्टच्या फाइलींच्या नावाशेवटी टिंब आणि ‘टीएस’ असतं. क्यूट नावाच्या दुसऱ्याच एका साधनात अनुवादाच्या फाइलींचा शेवटही तसाच होतो. प्रोग्रामच्या बटणांवरचे शब्द वेगवेगळ्या भाषांत काय असावेत, एवढंच त्या फाइलींत होतं. मोजणाऱ्यांनी तो कोड समजून जमेस धरला होता.